संमतिपत्रांतील एक ओळ

रोग्यास त्याच्या रोगाची पुरती वार्ता कळूं न देण्याची आमच्या घरची चाल फार जुनी आहे. आमचे वडील अंथरुणास खिळले, तेव्हां त्यांस काय झालें आहे हें घरांतील सर्वांस, शेजारीपाजाऱ्यांस, फार काय दूध घालणाऱ्या गवळ्यासहि ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें एकट्या वडिलांस. आईच्या वेळीं तेंच झालें. यांत कांहीं लबाडी आहे असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. रोग्याचें मन जपावें, काळजीचा भार कर्त्या माणसानें वाहावा, इतकाच त्यांतला भाव. २०१७ सालच्या आषाढांत आमच्या धाकट्या बंधूंच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया व्हावयाचें ठरलें, तेव्हांहि आम्हीं हीच चाल पाळली. तिच्यापायीं जें घडलें तें आज सांगावयास बसलों आहों. अशा शस्त्रक्रिया आतां घरोघर होऊं लागल्या आहेत; सबब मजकूर घरगुती असला तरी वाचकांस तो अगदींच निरुपयोगी वाटूं नये.

बंधू आमच्याहून अकरा वर्षांनीं लहान. फोर्टांत बँकेंतील बैठी नोकरी, आणि राहणें गिरगांवांतील आमच्या चाळींत, तिसऱ्या मजल्यावर. चाळीचा जिना लांकडी असून पायऱ्या चौसष्ट आहेत. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे. त्या वर्षींच्या चैत्रांत त्यांच्या डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागल्या अंगानें पोटरीपर्यंत कळ येऊं लागली. आमच्या वैद्यकग्रंथांत या दुखण्यास गृध्रसी म्हणतात. रोगी गिधाडासारखा एका अंगावर झुकून पाय ओढीत चालतो, म्हणून हें नांव पडलें असें टीकाकार सांगतात; आणि बंधूंस गॅलरींतून चालतांना पाहिलें म्हणजे नांव ठेवणाराच्या दृष्टीचें कौतुक वाटे. महानारायण तेल झालें, विटेचा शेक झाला, सुंठीच्या काढ्यांतून एरंडेल झालें. दोन महिने असे गेले. मग एके दिवशीं डाव्या पायाचा आंगठा वर उचलेना आणि चालतांना चप्पल पायांतून गळूं लागली. तेव्हां मात्र डॉक्टरांनीं घाई केली. एम्. आर्. आय्. नांवाची तपासणी झाली, तींत कमरेच्या चवथ्या व पांचव्या मणक्यांमधील गादी मागें फुटून मज्जातंतूवर दाबून बसली आहे असें दिसलें. गादीचा फुटलेला भाग काढल्यावांचून पायाचें बळ परत येण्याची खात्री देतां येत नाहीं, असें शस्त्रवैद्यांनीं सांगितलें, आणि तें खरें होतें.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळीं एक परिचारिका संमतिपत्र घेऊन आली. दोन पानें, एकावर इंग्रजी मजकूर, दुसऱ्यावर मराठी. जन्म उत्तरपत्रिका तपासण्यांत गेल्यामुळें कागद हातीं आला कीं आधीं शुद्धलेखन पाहावयाचें ही आमची खोड. त्या मराठींतील दोनतीन ऱ्हस्वदीर्घ आमच्या डोळ्यांस प्रथम खुपले आणि मजकूर मागाहून कळला. शस्त्रक्रियेंत काय काय बिघडूं शकतें त्याची ती यादी होती : जखमेंत पू होणें, मज्जारज्जूचें आवरण फाटणें, मज्जातंतूस धक्का लागणें, आणि त्यांखालीं एक ओळ होती कीं, पोटांतील मोठ्या रक्तवाहिनीस इजा होऊन रक्तस्राव व क्वचित् मृत्युहि संभवतो. आम्ही त्या ओळीशीं थबकलों. शस्त्रक्रिया पाठीवर, तींत पोटांतल्या रक्तवाहिनीचा संबंध काय? परिचारिकेस विचारलें, तर ती म्हणाली, "सगळ्यांनाच हाच फॉर्म असतो."

बंधूंचा चष्मा घरीं पाठविलेल्या पिशवींत गेला होता. ते म्हणाले, "दादा, काय लिहिलंय त्यांत ?"

आम्ही म्हणालों, "नेहमींचंच असतं रे. सगळ्यांना हेंच देतात."

आम्हीं बोट ठेवलें तेथें त्यांनीं सही केली. खालीं नातलग म्हणून आमची सही झाली. रात्रीं त्यांस झोंप चांगली लागली. आम्हांस लागली नाहीं, आणि तेंच आपलें कर्तव्य असें समजून आम्ही जागे राहिलों.

शस्त्रक्रिया दोन तासांची सांगितली होती, ती साडेतीन तास चालली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले कीं, मध्यें रक्तदाब थोडा उतरला होता, परंतु सलाइन व एक बाटली रक्त दिल्यावर सांवरला. पोटाची सोनोग्राफी करून पाहिली, तींत कांहीं दिसलें नाहीं. नस मात्र पूर्ण मोकळी झाली आहे. आम्हीं हात जोडले. चवथ्या दिवशीं बंधू घरीं आले. पायाची कळ कोणीं सुरीनें कापून टाकावी तशी नाहींशी झाली होती, आणि पंधरा दिवसांत आंगठाहि हलूं लागला. श्रावणांत सत्यनारायण झाला.

गणपतींत पहिली शंका आली, म्हणजे यावयास हवी होती. आरतीचा वरचा सूर धरणें हा आमच्या घरीं बंधूंचा हक्क. त्या वर्षीं दुसऱ्याच आरतीला त्यांनीं टाळ खालीं ठेवून भिंतीस पाठ लावली. जिना चढतांना ते दुसऱ्या मजल्याच्या चौकांत थांबूं लागले. नवरात्रापर्यंत डावा पाय एवढा सुजला कीं, मोजा काढल्यावर त्याची खूण तासभर राही. छाती धडधडे, स्वस्थ बसल्यावरहि नाडी शंभरावर. आमच्या गल्लींतल्या डॉक्टरांनीं आधीं अंथरुणावर पडून आलेला अशक्तपणा म्हटलें, मग हृदयाचा विकार. इको झाला. त्यांत हृदय मोठें झालेलें आढळलें, परंतु तें दुबळें पडलें नसून उलट वाजवीपेक्षां जोरानें चाललें आहे असा शेरा होता. हा विरोधाभास कोणाच्याच मनास खटकला नाहीं. लघवी होण्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि घरांतील बायकांनीं भाजींतलें मीठ तोडलें.

याच काळांत बंधूंस स्वतःस आणखी एक गोष्ट जाणवत होती, ती त्यांनीं कोणासच सांगितली नव्हती. रात्रीं उताणें निजून बेंबीच्या खालीं तळहात ठेवला कीं, खालीं पाण्याचा पंप चालावा तशी थरथर लागे. त्यांनीं ती वाताची समजून हिंगाष्टक चूर्ण घेण्यास सुरुवात केली.

ऑक्टोबरच्या आरंभीं हृदयरोगतज्ज्ञांकडे दाखविण्यास गेलों. तेथील एका तरुण डॉक्टरीण बाईंनीं बंधूंस कुशीवर वळविलें, पाठीवरचा व्रण पाहिला आणि विचारलें, "हें ऑपरेशन कधी झालं ?" उत्तर ऐकून त्यांनीं स्टेथॉस्कोप छातीवरून उचलला तो थेट पोटावर ठेवला. बराच वेळ त्या बोलल्या नाहींत. मग त्यांनीं आमच्या पुतण्यास ऐकावयास दिलें, नंतर आम्हांस. लहानपणीं पहांटे आजीच्या जात्याची घरघर ऐकूं येई तसा तो आवाज. मध्यें खंड म्हणून नाहीं, नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वाढे आणि पुन्हां उतरे. आमच्या सख्ख्या भावाच्या पोटांत दोन महिन्यांवर तें जातें चाललें होतें आणि घरांत नऊ माणसें असून तें कोणास ऐकूं गेलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सी. टी. यंत्रांत रक्तवाहिन्यांचें चित्र निघालें आणि त्या ओळीचा अर्थ आम्हांस कळला. तो येथें थोडक्यांत देतों.

कण्यावरील ही शस्त्रक्रिया रोग्यास पालथा निजवून मागून करितात. आमच्यासारख्यांची समजूत अशी कीं, मणक्यापुढें सगळी पोकळी. वस्तुतः हृदयापासून निघालेली महारोहिणी कण्याच्या पुढल्या अंगास अगदीं लागून खालीं येते, आणि बहुधा कमरेच्या चवथ्या मणक्यासमोर तिचे दोन फांटे होऊन ते दोन पायांकडे जातात. पायांकडून वर येणाऱ्या दोन मोठ्या नीला त्यांस चिकटूनच असतात. (आमच्या वेळच्या शाळापुस्तकांत रोहिणी व नीला हे शब्द होते; आतां मुलें धमनी व शिरा म्हणतात.) म्हणजे मणक्यांमधील गादी ही या वाहिन्यांची मागची भिंतच झाली. गादीची मागून पुढें खोली सुमारें साडेतीन सेंटीमीटर. शस्त्रवैद्य चिमट्यासारख्या हत्यारानें तींतील फुटका गर काढीत असतो. समोरची भिंत त्यास दिसत नाहीं, हाताला लागणाऱ्या अटकावावरूनच ती जाणावयाची. ती भिंत आधींच झिजलेली असली, कीं हत्यार एखाददुसरा सेंटीमीटर अधिक गेल्याचें हातास कळतहि नाहीं. हत्यारावर खोलीची खूण करणें, रोग्याची छाती व कंबर उशांवर टेकवून पोट अधांतरीं मोकळें ठेवणें, असे खबरदारीचे उपाय आहेत व ते पाळले जातात. तरीहि दहा हजार शस्त्रक्रियांमागें एकापासून पांचपर्यंत ठिकाणीं ही इजा होते, असें वैद्यक ग्रंथांत वारंवार सांगितलेलें आढळतें.

संख्या लहान, परंतु कपट मोठें. गादीला पडलेलें भोंक मागाहून मिटतें, त्यामुळें पुष्कळदां पाठीच्या जखमेंत रक्ताचा थेंबहि येत नाहीं. सगळें रक्त पोटाच्या मागल्या भागांत सांठतें. शस्त्रवैद्यास आपलें काम स्वच्छ दिसत असतें आणि भूल देणाऱ्यास मात्र रक्तदाब कोसळतांना दिसतो. अशा वेळीं रोग्यास तत्काळ उताणा करून, पोट उघडून वाहिनी धरावी लागते; तेथें मिनिटांचा हिशेब असतो व कित्येक रोगी दगावतात. कांहीं रोग्यांत मात्र निराळें घडतें. रोहिणी व तिला लागून असलेली नीला या दोहींस एकदमच छिद्र पडतें आणि रोहिणींतलें रक्त बाहेर न सांडतां सरळ नीलेंत शिरूं लागतें. रक्तदाब थोडा उतरतो आणि सांवरतो. रोगी घरीं येतो. सत्यनारायण होतो.

त्यापुढचें समजण्यास आमच्या चाळीच्या पाण्याचा दृष्टान्त पुरेसा आहे. तळच्या टांकींतून पंपानें पाणी गच्चीवरच्या टांकींत चढतें आणि तेथून घरोघर येतें. वरून उतरणाऱ्या नळास तळाशीं फूट पडून तो तळच्या टांकींतच मोकळा झाला तर काय होईल ? पंप रात्रंदिवस चालेल, तापेल, आणि तिसऱ्या मजल्यावरचा नळ मात्र कोरडा राहील. हृदयाचें तेंच होतें. पायास पोंचण्याआधींच रक्त आडवाटेनें परत फिरतें. नीलेंत दाब वाढून पाय सुजतो. आणि हृदय दुप्पट राबून अखेर थकतें. इकोवरील तो विरोधाभास हाच होता.

गादी फुटून मज्जातंतूवर दाब येतो ही गोष्ट अमेरिकेंत बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोघांनीं १९३४ सालीं सिद्ध करून दाखविली आणि ही शस्त्रक्रिया रूढ झाली. पुढें अकराच वर्षांनीं, १९४५ सालीं, लिंटन नांवाचे शस्त्रवैद्य व व्हाइट नांवाचे प्रख्यात हृदयरोगतज्ज्ञ यांनीं असाच एक रोगी वर्णिला : गादीच्या शस्त्रक्रियेनंतर रोहिणी व महानीला यांचा संगम झालेला आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनें बरा झालेला. म्हणजे आमच्या बंधूंचें दुखणें ग्रंथांत नोंदलें जाऊन सत्तरांवर वर्षें झालीं होतीं. नवें कांहींच नव्हतें.

त्या रात्रीं झोंप येईना म्हणून आम्हीं सुश्रुताचें शारीरस्थान काढलें. मर्मांच्या अध्यायांत एकशेंसात मर्में सांगून त्यांचे परिणामावरून पांच वर्ग केले आहेत; त्यांत तत्काळ प्राण घेणारीं तीं सद्यःप्राणहर, आणि कांहीं काळानें घेणारीं तीं कालान्तरप्राणहर. या दुसऱ्या वर्गांत कटीकतरुण नांवाचें मर्म येतें. तें पृष्ठवंशाच्या दोन्ही बाजूंस कमरेच्या हाडांजवळ असून तेथें इजा झाल्यास रक्तक्षयानें मनुष्य पांढरा पडून, निस्तेज होऊन मरतो असें लिहिलें आहे. विद्यार्थिदशेंत हा भाग आम्हीं घोकला होता. आपल्याकडे सर्व कांहीं आधींच होतें असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हों. मणक्यांतली गादी कापण्याची कल्पना सुश्रुतास नव्हती, आणि हाडाच्या मर्मावरून रोहिणीचें अनुमान काढणें म्हणजे ग्रंथाच्या तोंडीं नसतें बोलणें घालण्यासारखें आहे. पण 'कालान्तर' हा शब्द मात्र आमच्या डोळ्यांपुढून हलेना. इजा झाली आणि संपली असें नाहीं, ती पुढें कालान्तरानें येऊं शकते, हें तो शब्द सांगत होता. आणि त्या संमतिपत्रावरील ओळहि, ज्यास कळावयास हवें त्यास कळली असती, तर तेंच सांगती.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं बंधू गॅलरींत खुर्ची टाकून बसले होते. ते खालीं रस्त्याकडे पाहात म्हणाले, "दादा, त्या कागदावर हें होतं का ?"

आम्ही म्हणालों, "होतं."

"तुम्हीं वाचलं होतं ?"

"वाचलं होतं."

पुष्कळ वेळ ते कांहीं बोलले नाहींत. रागावले असते तर बरें वाटलें असतें. मग म्हणाले, "ती थरथर मला गणपतीच्या आधींपासून लागत होती. पोटांतल्या रक्तवाहिनीचं कांहीं असूं शकतं एवढं जरी ठाऊक असतं, तरी मी त्याच आठवड्यांत डॉक्टरांना सांगितलं असतं. मी हिंग खात बसलों."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. आम्हीं त्यांचें मन जपलें खरें. पण ज्या देहांत ती खूण उमटावयाची होती त्या देहाच्या धन्यासच आम्हीं आंधळें करून ठेवलें. त्या पोटावर रोज रात्रीं हात ठेवून निजणारा पहारेकरी एकच होता, आणि चोर कोणत्या वाटेनें येतो हें त्यालाच सांगितलें नव्हतें.

चाळींतील एका वकील गृहस्थांजवळ पुढें हा विषय निघाला. त्यांनीं सांगितलें कीं, २००८ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें एका खटल्यांत हा मुद्दा स्पष्ट केला आहे. रोगी सज्ञान असून शुद्धींत असेल, तर संमति त्याचीच पाहिजे. तांतडीचा प्रसंग नसतांना आईनें दिलेली संमतिहि तेथें चालत नाहीं, असा तो निवाडा. शिवाय शस्त्रक्रियेचें स्वरूप, तींतील ठळक धोके आणि दुसरे उपाय हें सर्व रोग्यास कळेल असें सांगितलें पाहिजे. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याचा अधिकार मालमत्तेवर कांहीं असेल तो असो, दुसऱ्याच्या पाठीच्या कण्यावर तो चालत नाहीं, हें आम्हांस साठीच्या घरांत कळलें.

पहिल्या शस्त्रवैद्यांविषयीं दोन शब्द लिहिणें न्यायाचें होईल. त्यांस निरोप पाठवितांच ते स्वतः भेटावयास आले. रक्तदाब उतरल्याची नोंद त्यांच्या शस्त्रक्रियेच्या टिपणांत होती. घरीं सोडतांना दिलेल्या कार्डावर मात्र ती उतरली नव्हती, आणि हें आमचें चुकलें असें ते उघड म्हणाले. ही इजा कुशल हातांतूनहि होते, म्हणून तिच्याबद्दल आम्हीं त्यांस दोष दिला नाहीं. कार्डावर ती ओळ असती तर गल्लींतल्या डॉक्टरांस कदाचित् वाट सांपडली असती. म्हणजे एक ओळ त्यांच्याकडून गळली आणि एक आम्हीं गाळली. दोहोंत थोर अपराध कोणाचा याचा निवाडा आमच्या मनानें केव्हांच केला आहे.

पूर्वीं अशा रोग्याचें पोट उघडूनच वाहिनी शिवावी लागे. आतां बहुतेक ठिकाणीं तें टाळतां येतें. जांघेंतल्या रोहिणींतून कापडी आवरणाची जाळीदार नळी वर नेऊन ती छिद्राच्या तोंडाशीं उघडतात, म्हणजे छिद्र आंतून झांकलें जातें व रक्त आपल्या मूळ वाटेनें जाऊं लागतें. बंधूंकरितां हाच उपाय ठरला, आणि पुन्हां एकदां संमतिपत्र आलें. या खेपेस आम्हीं कागद हातांत घेतला नाहीं. घरून निघतांना त्यांचा चष्मा मात्र आम्हीं आमच्या खिशांत घातला होता, तो काढून दिला. त्यांनीं दोन्ही पानें सावकाश वाचलीं. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असल्या तरी आम्हीं पाहिल्या नाहींत. वाचून झाल्यावर त्यांनीं डॉक्टरांस विचारलें, "ही नळी आंत सरकली, किंवा तिच्यांत गुठळी झाली, तर मला स्वतःला काय जाणवेल ?" डॉक्टर त्यांच्या पलंगावर बसले. पाय गार पडणें, फिका पडणें, चालतांना पोटरी भरून येणें, पोटांतली थरथर पुन्हां लागणें, अशा खुणा त्यांनीं बोटें मोजून सांगितल्या. बंधूंनीं त्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून घेतल्या आणि मग सही केली. त्या रात्रीं त्यांस झोंप कमी लागली असें वहिनी सांगत होत्या.

नळी बसतांना बंधू जागे होते. ती उघडल्याबरोबर पोटांतली घरघर थांबली; त्यांनीं स्वतः हात ठेवून पाहिलें. नाडी त्याच दिवशीं उतरली, पायाची सूज मात्र ओसरावयास कांहीं आठवडे लागले. वसुबारसेच्या आधीं ते घरीं आले आणि त्रिपुरी पौर्णिमेस एकदांच विसावा घेऊन चौसष्ट पायऱ्या चढले.

त्या दिवाळींत आमच्या भाचीचा मुलगा फराळास आला. तो परळच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत होता. हें महाविद्यालय व त्याला जोडलेलें के. ई. एम्. रुग्णालय १९२६ सालीं सुरू झालें. येथें शिकविणारे हिंदी लोकच असावेत अशी अट देणगीदारांनीं घातली होती, हें आम्हीं त्यास सांगितलें, आणि तें त्यास ठाऊक नव्हतें असें पाहून आमच्यांतील मास्तर थोडा सुखावला. उलट त्यानें आम्हांस जें सांगितलें तें आम्हांस ठाऊक नव्हतें. कमरेपेक्षां मानेंत हा प्रश्न अधिक बिकट, तो म्हणाला. मेंदूच्या मागल्या भागास रक्त पोंचविणाऱ्या दोन रोहिणी मानेच्या मणक्यांच्या भोंकांतूनच वर चढतात; दुसऱ्या मणक्याशीं त्या बाहेर वळण घेतात, पहिल्यावरून आडव्या जातात आणि मग कवटींत शिरतात. हे दोन मणके एकमेकांवरून निसटले तर मज्जारज्जू चेंगरतो, म्हणून ते स्क्रूनें जखडावे लागतात. आणि स्क्रू जाण्याची जागा त्या रोहिणीच्या अगदीं शेजारीं. दोन्ही मणक्यांतून एकच लांब स्क्रू आरपार घालण्याच्या जुन्या पद्धतीविषयीं अमेरिकेंतील शस्त्रवैद्यांकडून माहिती मागविली होती, ती १९९८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत शेंकडा चार रोग्यांच्या रोहिणीस इजा झालेली किंवा झाल्याचा संशय आढळला. के. ई. एम्. मध्यें डॉ. अतुल गोयल यांनीं १९८८ पासून निराळी रीत धरली. सांधा समोर उघडा करून प्रत्येक मणक्यांत वेगळा स्क्रू घालावयाचा आणि दोन्ही स्क्रू पट्टीनें जोडावयाचे. म्हणजे रोहिणीची बाजू टाळून स्क्रूची दिशा बेतण्यास मोकळीक मिळते. गोयल व लाहेरी यांचा यावरील लेख १९९४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि २००२ सालच्या लेखांत अशा १६० रोग्यांची हकीकत आली. मध्यंतरीं, २००१ सालीं, जर्मनींतील हार्म्स यांनीं पट्टीऐवजीं दांडी वापरून तीच रीत मांडली. म्हणून जगभर आज गोयल व हार्म्स या दोघांच्या जोडनांवानें ती ओळखतात. धोका या रीतींतहि अजिबात गेलेला नाहीं, कारण ती रोहिणी प्रत्येक मनुष्यांत थोडी निराळी वळते.

आम्हीं विचारलें, "आणि स्क्रूचें भोंक पाडतांना रोहिणीच फुटली तर ?"

तो म्हणाला, "बहुतेक वेळां तोच स्क्रू त्याच भोंकांत घट्ट बसवतात आजोबा, म्हणजे रक्त थांबतं. मग दुसऱ्या बाजूला त्या दिवशीं स्क्रू घालत नाहींत. ती एकच रोहिणी उरलेली असते ना."

आम्ही हातांतली चकली तशीच धरून बसलों. सुश्रुताच्या पांच वर्गांतील तिसरा वर्ग विशल्यघ्न : शल्य आंत रुतून आहे तोंवर मनुष्य जगतो, उपटून काढलें कीं मरतो. पस्तीस वर्षें आम्हीं हा समास मुलांस सोडवून दाखविला. त्याचा अर्थ त्या दिवशीं फराळाच्या ताटाशीं कळला.

बंधू इतका वेळ झोंपाळ्यावर बसून ऐकत होते. त्यांनीं एवढेंच विचारलें, "त्या रोग्यांना हें आधीं सांगतात ?"

मुलगा म्हणाला कीं, शस्त्रक्रियेपूर्वीं त्या रोहिण्यांचें चित्र काढून पाहतात, कोणती मोठी, कोणती लहान, कोठें वळते. आणि आपण ज्यांच्या हाताखालीं शिकतों ते सर तें चित्र रोग्याला पलंगापाशीं आणून दाखवितात.

"आणि घरचे नको म्हणाले तर ?"

"मग सर घरच्यांना चहा प्यायला पाठवतात."

बंधू मोठ्यानें हंसले. चैत्रापासून तें हंसणें आम्हीं ऐकलें नव्हतें.

आतां त्यांच्या पाकिटांत एक घडी घातलेलें कार्ड असतें. त्यावर दोन्ही शस्त्रक्रियांच्या तारखा, नळी कोणत्या बाजूस बसविली आहे तें, आणि वर्तमानपत्राच्या कडेवरून उतरून घेतलेल्या त्या खुणा अशा क्रमानें लिहिल्या आहेत. डोळे दाखवावयास गेले तरी तें ते डॉक्टरांपुढें ठेवतात. मराठी मजकूर त्यांनीं आमच्याकडून तपासून घेतला. एक अनुस्वार राहिला होता, तो आम्हीं घातला.